एडिनबरा ते म्हसरूळ : परतीचे सात दिवस

मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५

खोलीची चावी परत केली तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. समोरच्या मेडोजच्या मैदानावर धुकं इतकं खाली उतरलं होतं की झाडांचे नुसते बुंधे दिसत होते. समुद्रावरून येणाऱ्या या धुक्याला तिकडे 'हार' म्हणतात. वर्षापूर्वी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला गळ्यातला हार आठवला होता. शेवटच्या सकाळी शहराने तोच घातला.

मृदाशास्त्राची मास्टर्स एक वर्षाची. ऑगस्टमध्ये प्रबंध दिला आणि एकदम करण्यासारखं काही उरलं नाही. कढई, पोळपाट-लाटणं आणि कुकर खालच्या मजल्यावर नव्याने आलेल्या जळगावच्या मुलीला दिला. कुकर दोन्ही हातांत धरून तिने विचारलं, "शिट्टी नीट होते ना, ताई?" होते, म्हटलं. पण जे कोणी आता जाणार आहेत त्यांनी कुकरची रिंग आणि व्हॉल्व्ह दोन-दोन जादा न्या. तिकडे ते शोधण्यात माझा एक अख्खा शनिवार गेला होता.

एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनवरून लंडनची गाडी साडेचार तासांच्या आसपास घेते. जागा निवडता येत असेल तर लंडनकडे जाताना डावीकडची खिडकी घ्या, समुद्र त्या बाजूला आहे. विद्यार्थ्यांनी रेलकार्ड काढलं की तिकीट एकतृतीयांशाने कमी होतं, आणि ते पहिल्याच महिन्यात काढावं.

बेरिक यायच्या आधी धुकं फाटलं आणि कापून टाकलेली गव्हाची शेतं थेट कड्यापर्यंत गेलेली दिसली. या भागातच भूगर्भशास्त्रज्ञ जेम्स हटन शेती करायचा. पावसाबरोबर शेतातली माती वाहून समुद्रात जाते, मग नवी माती कुठून येते, या प्रश्नामागे तो लागला आणि १७८८ साली जवळच्याच सिकार पॉइंटच्या खडकात त्याला पृथ्वी अतिप्राचीन असल्याचा पुरावा मिळाला. आमच्या पहिल्या तासाला हीच गोष्ट सांगितली होती. मला त्या वेळी मामाचा मळा आठवला होता. ओढ्याकाठचा बांध दर पावसाळ्यात फुटतो आणि मामा दर वर्षी तो नव्याने घालतो.

शेजारी साठीच्या पुढच्या एक बाई बसल्या होत्या, लेकीकडे निघालेल्या. तुमच्याकडे काय पिकतं, असं त्यांनी विचारलं. द्राक्षं आणि कांदा, मी म्हटलं. मग त्यांनी पिशवीतून जॅमची एक बाटली काढून माझ्या हातात ठेवली. डॅमसन म्हणून एक फळ असतं, छोटं, जांभळट, आंबट. झाड त्यांच्या परसातलं, जॅम आदल्या दिवशी केलेला. "आईला दे," म्हणाल्या. बेरिकचा अठ्ठावीस कमानींचा दगडी पूल आला तेव्हा आम्ही दोघीही बोलायच्या थांबलो. हा पूल १८५० सालचा. गाडी त्यावरून हळू जाते आणि खाली नदी समुद्राला मिळताना दिसते.

बुधवार, १७ सप्टेंबर

रात्र लंडनमधल्या हॅरोला शाळेतल्या मैत्रिणीकडे काढली. विमान रात्रीचं होतं, म्हणून सामान किंग्ज क्रॉसला ठेवून चॉक फार्मला गेले. तिथून दहा मिनिटं चाललं की १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतलं. वर्षभर जायचं जायचं म्हणत राहिले आणि शेवटच्या दिवशी जमलं. (उघडण्याच्या वेळा आधी बघून जा.)

गल्ली शांत, रांगेने सारखी घरं, आणि त्यातल्या एकाच्या भिंतीवर निळी गोल पाटी. पाटीसमोर नागपूरचे एक काका-काकू उभे होते. मुलाकडे आलेले. काकू पाटीकडे बघत हात जोडून उभ्या होत्या आणि काका त्यांचा फोटो काढायचा म्हणून मागे मागे सरकत होते. मी फोन घेतला आणि दोघांचा मिळून काढला.

"कुठली गं तू?"

"नाशिकची."

"नाशिक. म्हणजे काळारामाची," काका म्हणाले. "२ मार्च १९३०." घरातल्या कुणाचा वाढदिवस सांगावा तशी त्यांनी काळाराम मंदिर-प्रवेशाच्या सत्याग्रहाची ती तारीख सांगितली.

आम्ही तिथल्या पायरीजवळ बराच वेळ बोललो. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली बाबासाहेबांना अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं होतं. त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीने निघाली होती आणि युद्धाच्या धामधुमीत ती बोट टॉर्पेडोने बुडाली. मग १९२० मध्ये ते पुन्हा आले, १९२३ मध्ये डी.एस्सी. घेतली. हे मी शाळेत वाचलं होतं. पण स्वतः दोन बॅगा भरून परत निघालेलं असताना ते ऐकणं वेगळं. किती टिपणं गेली असतील त्या बोटीत, याच्यावर मी विमानतळापर्यंत विचार करत राहिले.

निघताना काका म्हणाले, "घरी गेलीस की काळारामाच्या दारापाशी जरा उभी राहा. आमच्याकडून."

गुरुवार, १८ सप्टेंबर

मुंबईला उतरले तेव्हा अकरा वाजून गेले होते. एक बॅग आली, दुसरी आली नाही. पट्टा रिकामा फिरत राहिला आणि मग बंद झाला.

तेव्हा काय करायचं हे मला माहीत नव्हतं, म्हणून नीट सांगते. सामानाच्या हॉलमधून बाहेर पडायच्या आधी काउंटरवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून घ्या. बाहेर पडल्यावर तेच काम दुप्पट अवघड होतं. बोर्डिंग पासला लावलेला सामानाचा टॅग फेकू नका. बॅगेचा फोटो निघण्याआधी काढून ठेवा. माझ्याकडे नव्हता आणि "निळी, मधे लाल पट्टा" एवढंच मी सांगू शकले. प्रमाणपत्रं, औषधं, लॅपटॉप हे सगळं माझ्याजवळ होतं, ते तसंच ठेवा. जॅम मात्र हरवलेल्या बॅगेत होता, कारण तेव्हा हातातल्या सामानात जॅमची मोठी बाटली नेऊ देत नव्हते.

एक आणखी. मृदाशास्त्र शिकणाऱ्यांना मोह होतो, पण परवान्याशिवाय माती, बी, रोप काहीही आणू नका. माझे नमुने मी प्रयोगशाळेतच सोडून आले. आणली ती फक्त वही, आणि ती पाठीवरच्या पिशवीत होती.

बाहेर पप्पा उभे होते. केस जास्त पांढरे झाले होते की व्हिडिओ कॉलवर नीट दिसायचे नाहीत, कोण जाणे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे बघितलं आणि विचारलं, "एकच बॅग?" मला तिथेच रडू आलं. बॅगेसाठी नव्हे. पप्पांना वाटलं बॅगेसाठीच, आणि भिवंडीपर्यंत ते "येईल गं, कुठं जाते" असं म्हणत राहिले.

वर्षभर मी कसारा घाटाची वाट बघत होते. सप्टेंबरातला घाट म्हणजे धुकं, कड्यांवरून पडणारं पाणी, वर आलं की घाटनदेवी आणि कानाला लागणारा गार वारा. तिथून नाशिक सुरू होतं असं मला लहानपणापासून वाटतं. पण आमण्यापाशी पप्पांनी गाडी समृद्धी महामार्गावर घेतली. मी निघाले तेव्हा हा शेवटचा टप्पा खुला नव्हता; २०२५ च्या जूनमध्ये झाला. आणि मग तो बोगदा. जवळजवळ आठ किलोमीटर. दिवे, काँक्रीट, पुन्हा दिवे. सगळा घाट डोंगराच्या पोटातून निघून गेला.

"कसा आहे?" पप्पांनी विचारलं. "मुद्दाम इकडून आणलं. तू बघितला नव्हता ना."

छान आहे, मी म्हटलं. खरंच छान आहे. पप्पांनी तो मला दाखवायचा म्हणून जपून ठेवला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. बाहेर पडलो आणि इगतपुरीचा पाऊस काचेवर असा आदळला की पप्पांना वायपर सगळ्यात वरच्या वेगावर करावे लागले. मी खिडकी दोन बोटं खाली केली. तोच वास. ओल्या गवताचा, शेणाचा, भाताच्या खाचरांचा.

(घाट बघायचा असेल तर चालकाला आधीच सांगून ठेवा, जुना रस्ता चालू आहे.)

घोटी, वाडीवऱ्हे, विल्होळी, पांडवलेणी. म्हसरूळला पोचलो तेव्हा अंधार पडत होता. आईने दारातच थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. आजी आतून विचारत होती, "आली का गं माय? आली का?" तिला आता कमी ऐकू येतं, म्हणून जाऊन तिच्या मांडीवर डोकंच ठेवलं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

पहाटे चारला जाग आली. शरीर अजून तिकडच्या वेळेवर होतं. सातला भाऊ स्कूटरवर बसवून मिसळ खायला घेऊन गेला. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर भाजलेला पापड, बाजूला दही. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला घाम, तिसऱ्याला जीभ ओळखीवर आली. परत आलेल्यांना सांगणं एवढंच, की पहिले दोन-तीन दिवस पाणी उकळून प्या. मिसळ खा, पाण्याची काळजी घ्या.

तिथून काळारामाला गेलो. पितृपक्ष असल्यामुळे रामकुंडाकडे गर्दी होती, मंदिरात तेवढी नव्हती. दाराबाहेर उभी राहिले. ज्या दारांनी माणसांना आत घेतलं नाही, ती ही दारं. दादासाहेब गायकवाडांबरोबर हजारो लोक इथे आले होते आणि हा सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला. मी इथे लहानपणी रामनवमीला बर्फाचा गोळा खात उभी राहिले आहे आणि मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. भावाला मी ते तिथेच, उंबरठ्याच्या अलीकडे, सगळं सांगितलं. मग दाराचा फोटो काढून नागपूरच्या काकांना पाठवला. त्यांनी फक्त "जयभीम, बेटा" असं लिहिलं.

संध्याकाळी आईने माळ्यावरून एक स्टीलचा डबा काढला. "तुझं आहे," म्हणाली.

डब्यात माझं वर्ष होतं. दिवाळीच्या उटण्याची पुडी. भाऊबीजेचं पाकीट, माझं नाव टाकलेलं. संक्रांतीचा काटेरी हलवा, एका छोट्या काचेच्या बरणीत. पाडव्याची साखरगाठी, थोडी पिवळी पडलेली, मुंग्या लागू नयेत म्हणून दुहेरी पिशवीत. मामाच्या बागेतल्या मार्चच्या द्राक्षांचे बेदाणे. "आणि आमरस फ्रीजरात आहे, तो उद्या," ती म्हणाली. प्रत्येक सणाला तिने माझा वाटा काढून ठेवला होता आणि फोनवर एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मी तिकडे संक्रांतीला काय केलं होतं? त्या दिवशी प्रयोगशाळेत होते. अंधार लवकर पडला, खोलीवर येऊन भात खाल्ला आणि झोपले.

हलवा तोंडात टाकला. काटे अजून टोचत होते.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. आई त्यावर दुधाचा हिशोब लिहिते, सिलेंडर कधी लावला ते लिहिते. तारखांच्या चौकोनांत जागोजागी बारीक 'फो' लिहिलेलं दिसलं. जानेवारीपासून पानं उलटत गेले. फो, फो, दूध नाही, फो, सिलेंडर, फो. माझे फोन होते ते. फेब्रुवारीत एकोणीस दिवस 'फो' नव्हता. तेव्हा परीक्षा होत्या, असं मी तिला म्हटलं होतं. परीक्षा नव्हत्या. मला बरं वाटत नव्हतं. डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळायचा तो अंधार आत कुठेतरी साचून राहिला होता, आणि तिला ते आवाजावरून कळेल म्हणून मी फोनच केला नाही. त्या एकोणीस चौकोनांत दुधाचा हिशोब होता, बाकी काही नव्हतं.

त्या रात्री भाकरी करताना मी तिला खरं सांगितलं. तिने भाकरी उलटली, तव्यावरची हाताने फिरवली आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं." मग थोड्या वेळाने, "पुढच्या वेळी नुसता मिस्ड कॉल दे."

शनिवार, २० सप्टेंबर

दिंडोरीकडे मामाच्या मळ्यात गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टोमॅटोचे क्रेट लावलेल्या पिकअप गाड्या. मामा बागेतच होते, हातात काडी घेऊन.

"यंदा मे महिन्यापासून पाऊस लागला तो लागलाच," ते म्हणाले. "एप्रिलात खरड छाटणी केली, तिथून पुढं काडीला ऊनच मिळालं नाही. डोळ्यात घड आहे का नाही, देवालाच माहीत." तपासायला काड्या दिल्या आहेत, सूक्ष्मदर्शकाखाली डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, चिरून बघतात. अहवाल आला की ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, किती डोळ्यांवर कात्री लावायची ते ठरणार. वर्षाचं सगळं गणित त्या काडीच्या टाचणीएवढ्या डोळ्यात. मामांनी ती काडी माझ्या हातात दिली. फिकट तपकिरी, अजून पुरती पिकलेली नाही, नखाने दाबली तर साल हिरवी.

"तुझ्या शाळेत आमच्या मातीबद्दल काय सांगतात?"

मी सांगितलं की स्कॉटलंडची माती आंबट असते. पाऊस, थंडी, डोंगरावर पीटचे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर. तिथे शेतकरी रानात चुना टाकतात.

मामा थांबले. "चुना? विकत आणून?"

"हो मामा. टनावारी."

"आणि आपण चुनखडीनं मरायला लागलोय." त्यांनी पायाने माती उकरली. पांढरे खडे वर आले. या चुनखडीपायी वेलीला लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. बाग डॉगरिजच्या खुंटावर, म्हणजे मुळांसाठी वापरायच्या द्राक्षाच्या जातीवर, कलम केलेली. मी हे सगळं आता इंग्रजीत लिहू शकते, आकृत्यांसकट. मामांनी ते पंचवीस वर्षं पानांवर वाचलं आहे. आम्ही दोघं ओळीच्या कडेला उकिडवे बसलो आणि मी जे शिकले ते एक-एक करून त्यांना विचारत गेले. तास दीड तास. माझ्या वहीत त्या दिवशीची चार पानं आहेत, आणि वर्षभरातल्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा दाट लिहिलेली आहेत.

मामींनी पिठलं, ज्वारीची भाकर आणि ठेचा वाढला. निघताना आजीसाठी एका पिशवीत काळी माती भरून दिली, घटासाठी. आजीला म्हणे विकतची माती चालत नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

सर्वपित्री अमावास्या. आजोबांचं पान वाढलं होतं, खीर, वडे, कढी, गवार-भोपळ्याची भाजी. गच्चीवर भाऊ कावळ्याची वाट बघत होता, तेवढ्यात फाटकाशी टेम्पो थांबला. माझी निळी बॅग! मुंबईहून आलेला मुलगा विशीतला असेल, सकाळपासून पाच घरं करून आलेला. आईने त्याला सही घेऊन जाऊ दिलं नाही. आजच्या दिवशी दारात आलेला माणूस उपाशी पाठवत नाहीत. तो आधी संकोचला, मग दोनदा कढी मागून घेतली.

जॅमची बाटली फुटली नव्हती. मी झाकण उघडलं आणि आजीच्या बोटावर थोडा ठेवला. तिने चाखला, डोळे मिटले. "करवंदासारखं लागतंय. कुणी केलं?" गाडीतल्या बाईंनी, मी तिच्या कानाशी मोठ्याने सांगितलं. "तिला काय पाठवलंस?" आजीने विचारलं. पत्ता मी घेतलाच नव्हता. हे मला अजून खुपतं. गाडीत, स्टेशनात कोणी असं काही हातात दिलं तर पत्ता मागून घ्या.

सोमवार, २२ सप्टेंबर

घटस्थापना. आजीने अंगणात जुन्या साडीवर मामांची माती पसरली, चुनखडीचे खडे वेचले, ढेकळं फोडली. चाळणी माझ्या हातात दिली. मग मातीवर थोडं पाणी शिंपडून तिने एक मूठ उचलली, दाबली, गोळा केला आणि अंगठा-बोटाच्या मधून पुढे ढकलत त्याची पट्टी काढली.

मी चाळणी खाली ठेवली. विद्यापीठाच्या किंग्ज बिल्डिंग्जमधल्या प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात आम्हाला हेच शिकवलं होतं. माती ओली करा, गोळा करा, पट्टी काढा, किती लांब जाते बघा. त्यावरून चिकणमाती किती ते कळतं. मला ते तीन दिवस जमलं नव्हतं.

"आजी, हे कुणी शिकवलं तुला?"

तिला ऐकू गेलं नाही. तिने ती पट्टी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "लई चिकट हाये. थोडी राख घाल, नाहीतर गहू कुजंल."

मी चुलीकडून राख आणली. टोपलीत माती भरली, गहू पेरला, मधे घट ठेवला. तिळाच्या फुलांची पहिली माळ आईने बांधली. आजीने ओंजळीने पाणी घातलं, मग मला घालायला सांगितलं आणि माझा हात मध्येच धरला.

"बास. एवढंच."